मंडई विकून तूट भरावी का?

महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची जमा खर्चाला पुरेनाशी झाली की तिच्यापुढे चार वाटा उरतात: कर वाढवणे, खर्च कापणे, कर्ज काढणे किंवा ताब्यातली मालमत्ता विकणे. पहिल्या दोन वाटांची झळ लोकांना त्याच वर्षी लागते. कर्जाचे हप्ते दरवर्षीच्या अंदाजपत्रकात दिसत राहतात. मालमत्तेच्या विक्रीची झळ मात्र सहसा विकणाऱ्यांच्या कारकिर्दीत लागतच नाही. पैसे एकदम येतात, अंदाजपत्रक जुळते, आणि जागा नाही हे पुढच्या पिढीला तिची गरज पडते तेव्हा कळते. राज्यकर्त्यांना हीच वाट सर्वांत सोपी वाटते, आणि तिच्यावर सर्वांत जास्त नजर ठेवावी लागते तीही म्हणूनच.

विकायला काढलेली मालमत्ता लोकांच्या जिव्हाळ्याची असेल, म्हणजे जुनी मंडई, नाट्यगृह, मैदान, बसचे आगार, गावाची तालीम किंवा चावडी, तर प्रश्न आणखी अवघड होतो. जमाखर्चाच्या वहीत अशा वास्तूची किंमत नाममात्र असते आणि बाजारात तिच्याखालच्या जमिनीची किंमत अफाट असते. तिसरी किंमत लोकांच्या वापराची, सवयीची आणि आठवणींची. ती कुठल्याच वहीत चढत नाही.

या प्रश्नावर महाराष्ट्रात विकावे आणि राखावे अशा दोन भूमिका सतत समोरासमोर येतात, आणि हा वाद शहरापुरता राहत नाही. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव या शेजारच्या दोन तालुक्यांत पारगाव नावाची गावे आहेत. तिथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली. कुणी गिरणीत लागले, कुणी डबे वाहिले, कुणी भाजी-फळांच्या धंद्यात शिरले. मुंबईची मंडई हा त्यांच्याही जगण्याचा भाग आहे. पुढच्या संवादातले भाऊसाहेब आणि गुरुजी हे दोन भूमिकांचे प्रतिनिधी आहेत. एक निवृत्त ग्रामसेवक, म्हणून गावाच्या बोलण्यात भाऊसाहेब. दुसरे निवृत्त प्राथमिक शिक्षक. भाऊसाहेबांना वहीची भाषा येते, गुरुजींना इतिहासाची. दोघे एकमेकांचे म्हणणे नीट ऐकतात, त्यामुळे वाद पुढे सरकतो.

मुंबईचे उदाहरण

मुंबई महापालिका देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका मानली जाते. तिचे 2025-26 चे अंदाजपत्रक 74,427 कोटी रुपयांचे होते. याच महापालिकेने 2024 च्या अखेरीस आपले मोक्याचे भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यासाठी लिलावाची प्रक्रिया सुरू केली. त्यात वरळीच्या डांबर प्रकल्पाची जागा होती आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या पलटण रोडवरील छत्रपती शिवाजी महाराज मंडईची जागा होती. मलबार हिलवरचा तिसरा भूखंड विरोधानंतर यादीतून वगळण्यात आला. शिवाजी महाराज मंडई ही घाऊक मासळीची जुनी बाजारपेठ. तिची इमारत धोकादायक ठरली, पाडली गेली, आणि विक्रेत्यांना दुसरीकडे हलवण्यावरून संघर्ष झाला. मोकळी झालेली जागा लिलावाच्या यादीत दिसली तेव्हा कोळी महिलांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे साधे होते: इमारत जुनी झाली म्हणून पाडलीत, आता जागेवर नवी मंडई बांधा.

भाऊसाहेब : गुरुजी, आधी महापालिकेची बाजू बघा. जकात ही तिची हक्काची, रोजची रोकड होती. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि जकात गेली. त्या बदल्यात राज्याकडून भरपाई येते, पण स्वतः वसूल केलेला पैसा वेगळा आणि दुसऱ्याच्या हातातून येणारा वेगळा. वर 2022 मध्ये पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. उत्पन्नाची दारे बंद होत गेली आणि रस्ते, बोगदे, सांडपाण्याचे प्रकल्प, रुग्णालये यांची कामे वाढत गेली. हाती घेतलेल्या कामांचे दायित्व 2 लाख कोटींच्या पुढे गेले. अशा वेळी मोकळा भूखंड नुसता सांभाळत बसणे परवडते का?

गुरुजी : करमाफी कुणी दिली, भाऊसाहेब? सरकारनेच दिली. लोकांना ती हवी होती हे खरे. पण एका हाताने दरवर्षीचे उत्पन्न सोडायचे आणि दुसऱ्या हाताने जमीन लिलावात काढायची, हा हिशोब तुम्ही ग्रामपंचायतीत चालवून घेतला असता का?

भाऊसाहेब : नसता चालवला. पण झालेले झाले. आता पर्याय काय? महापालिकेच्या मुदत ठेवी 2022 च्या सुमारास 92 हजार कोटींच्या आसपास होत्या, 2025 च्या आरंभी त्या 82 हजार कोटींपर्यंत खाली आल्या. त्यातलाही मोठा भाग कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीसारख्या देण्यांसाठी बांधलेला. ठेवी मोडायच्या नाहीत म्हणता, कर वाढवायचे नाहीत म्हणता, जमीनही द्यायची नाही म्हणता. मग पाण्याची नवी लाइन कशाने टाकायची?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. विक्रीला विरोध करणारे बहुतेकदा तो टाळतात, म्हणून त्यांची बाजू भावनेची वाटते. गुरुजींनी तो टाळला नाही. पण उत्तर देण्याआधी त्यांनी एक भेद मांडला, आणि सगळ्या चर्चेत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. सरकारी हिशोबात महसुली आणि भांडवली अशा दोन बाजू असतात. पगार, वीजबिल, औषधे, झाडलोट हा महसुली खर्च दरवर्षी येतो. जमिनीची विक्री ही भांडवली जमा एकदाच होते. एकदाच येणारा पैसा दरवर्षीच्या खर्चाला लावला की पुढच्या वर्षी तूट तेवढीच उरते आणि विकायला एक जागा कमी असते. त्या पैशातून जलशुद्धीकरण केंद्र उभे राहिले तर निदान एका मालमत्तेच्या जागी दुसरी आली असे म्हणता येते.

गुरुजी : बियाणे मोडून घरखर्च चालवणारा शेतकरी कधी सावरलेला पाहिलात का? माझे पहिले म्हणणे एवढेच. जमीन द्यायचीच असेल तर तिच्या पैशाचे काय उभे राहणार ते आधी सांगा, आणि तो पैसा वेगळ्या खात्यात ठेवा.

भाऊसाहेब : हे मला मान्य आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी आला तोही बंधित आणि अबंधित असा वेगळा करूनच आला. पाणी-स्वच्छतेचे पैसे दुसरीकडे वळवता येत नव्हते. जमिनीच्या पैशालाही तसेच बांधून टाकावे.

क्रॉफर्ड, करदाते आणि निवडणूक

शिवाजी महाराज मंडईच्या शेजारची मोठी मंडई आज महात्मा जोतिबा फुले मंडई या नावाने ओळखली जाते. तिचे जुने नाव आर्थर क्रॉफर्ड या मुंबईच्या पहिल्या महापालिका आयुक्ताचे. 1869 मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीचा आराखडा विल्यम इमर्सन यांचा, आणि दर्शनी भागावरची शेतकरी-मजुरांची शिल्पे जॉन लॉकवुड किपलिंग यांची. ही इमारत पहिल्या श्रेणीची वारसा वास्तू असल्याने तिला हात लावणे सोपे नाही. पुण्या-नाशिकच्या बाजूने येणाऱ्या फळांचा घाऊक व्यवहार इथेच चाले. 1996 मध्ये तो नवी मुंबईत वाशीला गेला. जुन्नरच्या द्राक्षबागायतदारांच्या जुन्या पिढीला क्रॉफर्ड मार्केटची पट्टी माहीत होती, नव्या पिढीला वाशीची माहीत आहे.

या मंडईचा जन्मही अर्थसंकल्पाच्या भांडणातला आहे. क्रॉफर्ड यांनी शहरात गटारे, रस्ते, बाजार यांवर सढळ हाताने खर्च केला. करांचा बोजा वाढला, हिशोब विस्कटला, आणि 1871 मध्ये करदात्यांनी मोठे आंदोलन उभे केले. तरुण फिरोजशहा मेहता यांनी त्या वेळी क्रॉफर्ड यांच्या कामाची बाजू घेतली, पण उपाय म्हणून करदात्यांनी निवडलेले प्रतिनिधी मागितले. 1872 च्या कायद्याने 64 सदस्यांची महापालिका आली आणि त्यातले निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे ठरले. पैसा कशावर खर्च व्हावा हे आयुक्ताने एकट्याने ठरवू नये, या मागणीतून मुंबईकराला मत मिळाले.

गुरुजी : इथेच माझे दुसरे म्हणणे येते, भाऊसाहेब. मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. भूखंडांच्या लिलावाचा निर्णय झाला तेव्हा सभागृहात एकही नगरसेवक नव्हता. 1888 च्या महापालिका कायद्याचे कलम 92 मालमत्तेच्या विल्हेवाटीबद्दल आहे. त्यात आयुक्ताने प्रस्ताव आणायचा आणि महापालिकेने मंजूर करायचा अशी रचना आहे. प्रशासकाच्या काळात मागणारा आणि मंजूर करणारा एकच झाला. 1872 च्या आधी जे होते तेच.

भाऊसाहेब : कायद्याने प्रशासकाला तो अधिकार आहे, गुरुजी. नाहीतर निवडणूक होईपर्यंत शहर ठप्प झाले असते.

गुरुजी : अधिकार आहे, ते नाकारत नाही. कचरा उचलायचा, पाणी सोडायचे, पगार करायचे, हे प्रशासकाने करावेच. पण दीर्घ मुदतीसाठी जागा हातची जाईल असा निर्णय हा रोजचा कारभार नाही.

महात्मा फुले यांचा आक्षेप

या टप्प्यावर भाऊसाहेबांनी असा मुद्दा काढला की त्याला उत्तर देणे गुरुजींना सोपे गेले नाही.

भाऊसाहेब : तुमच्या शाळेच्या भिंतीवर जोतीराव फुल्यांची तसबीर होती. ते 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. पुण्यात मोठी मंडई बांधायचा घाट घातला गेला तेव्हा त्यांनी विरोध केला. दगडी इमारतीवर पैसा घालण्यापेक्षा तो गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे होते. मंडई तरीही झाली. गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला फुल्यांचेच नाव दिले गेले. म्हणजे पुणे आणि मुंबई, दोन्हीकडच्या मंडईवर नाव कुणाचे, तर इमारतीआधी शाळा म्हणणाऱ्या माणसाचे. आज ते असते तर म्हणाले नसते का, की विका ती जागा आणि शाळा काढा?

हा युक्तिवाद वरवरचा नाही. आज ज्या वास्तू लाडक्या वाटतात त्यांतल्या कित्येक बांधताना उधळपट्टी ठरल्या होत्या. वास्तूचे जुनेपण तिला आपोआप पवित्र करत नाही. सत्यशोधक चळवळ जुन्नर-ओतूर भागात खोल रुजली होती, आणि तिथल्या माणसाला सार्वजनिक पैशाचा हा प्रश्न परका वाटू नये. पैसा कुणाचा, खर्च कुणासाठी, हेच ती चळवळ विचारत आली.

गुरुजी : तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. फुल्यांचा आक्षेप खरा होता, आणि त्या वेळी तो योग्यही होता. तेव्हा पैसा खर्च व्हायचा होता, आणि तो शाळेकडे वळवणे शक्य होते. आज मंडईची इमारत पाडली असली तरी हजारो लोकांचे पोट वर्षानुवर्षे त्या बाजारावर चालले आहे. ती जागा देताना फुल्यांचाच प्रश्न विचारू या. जागेचे पैसे शाळेला जाणार आहेत का? कोळी बाईच्या मुलीच्या शाळेला? तसे कुठल्या ठरावात लिहिले आहे? लिहिले असेल तर मी माझा विरोध मागे घेईन. नुसते तूट भरून काढण्यासाठी असे लिहिले असेल, तर फुल्यांचे नाव त्या बाजूला घेऊ नका.

भाऊसाहेब : म्हणजे विक्रीला तुमचा सरसकट विरोध नाही.

गुरुजी : नाही. वरळीच्या डांबराच्या कारखान्याबद्दल मी एक शब्द बोललो नाही. तिथे कुणाचा बाजार भरत नाही, कुणी तिथे लहानपणी खेळले नाही. ती जागा चांगल्या अटींवर भाड्याने द्यावी. सगळ्या जागा एका मापाने मोजू नका, एवढेच.

गिरण्यांच्या जमिनी

विकलेल्या जमिनीचा पैसा नेमका कुठे जातो, याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा धडा मुंबईच्या गिरण्यांचा आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमांप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करताना साधारण एक तृतीयांश जागा मोकळी ठेवायची, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला द्यायची आणि उरलेली मालकाने वापरायची, अशी वाटणी होती. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने 1996 मध्ये सगळ्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र आराखडाही सुचवला. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी पूर्ण जमिनीची न राहता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या भागाची झाली, आणि लोकांच्या वाट्याला येणारी जमीन आक्रसली. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

त्याच सुमारास, 2005 मध्ये, सरकारी मालकीच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावात विकल्या. मुंबई टेक्सटाइल मिल 702 कोटींना गेली, दादरची कोहिनूर क्रमांक 3 ही 421 कोटींना, ज्युपिटर 276 कोटींना. हेतू चांगला होता. जमीन विकून आजारी महामंडळाची देणी फेडायची आणि उरलेल्या गिरण्या नव्या यंत्रांनी चालवायच्या. 2020 च्या टाळेबंदीत महामंडळाच्या गिरण्या थांबल्या, आणि त्यांचे भोंगे पुन्हा वाजले नाहीत. विकलेल्या जागी मनोरे उभे आहेत. ज्या गिरण्या वाचवण्यासाठी जमीन विकली त्याही उभ्या राहिल्या नाहीत. पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरून गिरणगावात गेलेल्या कुटुंबांसाठी ही गोष्ट आकडेवारीची नाही. त्यांच्या वारसांना गिरणी कामगार म्हणून मिळायची घरे कुठे आणि कधी, हा प्रश्न अजून चालूच आहे.

भाऊसाहेब : गिरण्यांचे उदाहरण माझ्या विरोधात जाते, मान्य. पण तिथे चूक विक्रीची होती की अटींची? एक तृतीयांशाचा नियम टिकला असता तर आज परळ-लालबागला मैदाने आणि घरे दिसली असती.

गुरुजी : अटी बदलता येतात, हीच तर भीती आहे. विक्री झाल्यावर अट सैल करायला मागणारे पुष्कळ असतात. अट पाळा म्हणून न्यायालयात जाणारे थोडे.

परदेशातले दोन अनुभव

अमेरिकेतल्या शिकागो शहराने डिसेंबर 2008 मध्ये रस्त्यावरच्या पार्किंगचे सुमारे 36 हजार मीटर एका खासगी कंपनीला 75 वर्षांसाठी दिले आणि सुमारे 115 कोटी डॉलर एकरकमी घेतले. नगरसभेला विचाराला मोजके दिवस मिळाले. शहराच्याच महानिरीक्षकाने पुढच्या वर्षी अहवाल दिला की शहराला सुमारे 97 कोटी डॉलर कमी मिळाले. मिळालेल्या पैशाचा बराच भाग दोन-तीन अंदाजपत्रकांची भोके बुजवण्यात संपला. एखाद्या उत्सवासाठी रस्ता बंद केला तर बुडालेले पार्किंग-उत्पन्न शहरालाच कंपनीला भरून द्यावे लागते.

डेट्रॉइटची गोष्ट उलटी आहे. सुमारे 1,800 कोटी डॉलरच्या देण्यांखाली हे शहर जुलै 2013 मध्ये दिवाळखोरीत गेले. शहराच्या मालकीच्या कलासंग्रहालयात व्हॅन गॉगचे 1887 चे आत्मचित्र होते, दिएगो रिव्हेराची भित्तिचित्रे होती. देणेकऱ्यांनी ती विकायची मागणी केली. निवृत्त कर्मचाऱ्यांचे पेन्शन एकीकडे आणि चित्रे दुसरीकडे, असा प्रसंग होता. अखेर धर्मादाय संस्था, मिशिगन राज्य आणि संग्रहालयाचे पाठीराखे यांनी मिळून वीस वर्षांत सुमारे 82 कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. हा पैसा पेन्शनसाठी गेला आणि संग्रह एका स्वतंत्र विश्वस्त संस्थेच्या हाती सुरक्षित राहिला. पेन्शनमध्ये काही कपात झालीच, पण संग्रह विकला गेला नाही.

भाऊसाहेब : डेट्रॉइटला देणगीदार होते. पलटण रोडच्या मासळी बाजारासाठी कोण पैसे देणार?

गुरुजी : देणगीदार नसतील, पण भाडे देणाऱ्या बाया आहेत. त्या फुकट मागत नाहीत. खाली मंडई आणि वर कार्यालये अशी इमारत बांधून महापालिकेने स्वतः भाडे घ्यावे. उत्पन्न हळू येईल, पण दरवर्षी येईल.

भाऊसाहेब : हळू येणाऱ्या उत्पन्नावर बँक कर्ज देते, हेही खरे. नगरपालिकेचे रोखेही काढता येतात. पण त्याला कर्ज घेतल्याचा शिक्का लागतो, तो कुणाला नको असतो.

साखर कारखाने : सभासदाला विचारले तर

पारगावच्या माणसाला शहराच्या मंडईपेक्षा जवळचे उदाहरण साखर कारखान्याचे आहे. भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आंबेगावातल्या पारगावलाच, दत्तात्रयनगरला आहे. कारखाना म्हणजे रस्ता, बाजार, रोजगार आणि राजकारण हे तिथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून इतर कारखान्यांच्या विक्रीच्या बातम्या तिथे बारकाईने वाचल्या जातात.

सातारा जिल्ह्यातला जरंडेश्वर कारखाना राज्य सहकारी बँकेने थकबाकीपोटी 2010 मध्ये लिलावात काढला आणि तो 65 कोटी 75 लाखांना गेला. किंमत कमी लावल्याचे आरोप झाले, 2021 मध्ये सक्तवसुली संचालनालयाने त्या मालमत्तेवर जप्ती आणली. कारखाना ज्यांच्या भागभांडवलावर उभा राहिला त्या सभासदांच्या हातात त्या लिलावात काहीच नव्हते. पुणे जिल्ह्यातच थेऊरचा यशवंत कारखाना 2011 मध्ये बंद पडला. त्याची सुमारे 100 एकर जमीन पुणे कृषी उत्पन्न बाजार समितीला 299 कोटींना देऊन देणी फेडायची आणि कारखाना पुन्हा चालू करायचा, असा प्रस्ताव 2025 मध्ये सभासदांच्या सभेपुढे आला. त्याला विरोधही झाला. पण सभा झाली, आकडा सर्वांपुढे आला, आणि घेणारी संस्थाही शेतकऱ्यांच्या बाजाराचीच आहे.

भाऊसाहेब : यशवंतचा व्यवहार मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. विकायचे कशासाठी हे ठरले, घेणारा कोण हे कळले, किंमत कळली.

गुरुजी : आणि सभासद उभा राहून प्रश्न विचारू शकला. निकाल काहीही लागो, त्या माणसाला निदान विचारले.

गावाची सभा आणि शहराची

गावात आणि शहरात इथे मोठा फरक आहे, आणि तो गावाच्या बाजूने आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 प्रमाणे ग्रामपंचायतीला आपली स्थावर मालमत्ता विकायची किंवा भाडेपट्ट्याने द्यायची तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. गायरान तर मुळात शासनाच्या मालकीचे. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात 28 जानेवारी 2011 रोजी सार्वजनिक वापराच्या जमिनींवरची अतिक्रमणे हटवायला सांगितले, आणि राज्य शासनाने त्याच वर्षी जुलैत गायरानाच्या वापरावर निर्बंध आणणारा निर्णय काढला. याच्या जोडीला ग्रामसभा आहे. 73 व्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत जागा मिळाली. मतदार यादीत नाव असलेला कुणीही तिथे उठून सरपंचाला जाब विचारू शकतो. ग्रामसभा अनेकदा कागदावर उरकली जाते, कोरम भरत नाही, हे खरे आहे. पण गावाने मनावर घेतले तर तिला टाळता येत नाही.

74 व्या घटनादुरुस्तीने शहरांना प्रभाग समित्या दिल्या, पण त्या नगरसेवकांच्या असतात. नागरिकाने स्वतः जाऊन बोलायची क्षेत्रसभा कायद्याच्या पुस्तकापलीकडे फारशी आली नाही. परिणाम असा की आंबेगावच्या शेतकऱ्याला गावच्या तालमीच्या जागेबद्दल सभेत बोलता येते, आणि मुंबईच्या कोळी बाईला आपल्या जुन्या बाजाराच्या जागेबद्दल बोलायला आझाद मैदान गाठावे लागते किंवा न्यायालय. जिव्हाळ्याच्या वास्तूंच्या विक्रीतला खरा दोष इथे आहे. किमतीत चूक झाली तर लेखापरीक्षणात ती सापडते. ज्यांची जागा त्यांना विचारलेच नाही, ही चूक मात्र कुठल्याच अहवालात येत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा होते.

भाऊसाहेब : ग्रामसभेचा अनुभव मला विचारा. अर्धे लोक रेशनकार्डाबद्दल बोलतात, अर्धे बांधाच्या भांडणाबद्दल. दीड कोटीच्या मुंबईत सभा भरवून जमिनीचा निर्णय कसा होणार?

गुरुजी : सगळ्या मुंबईची सभा नको. त्या मंडईत बसणारे, तिथून माल नेणारे, त्या प्रभागात राहणारे, एवढ्यांना प्रस्ताव मराठीत छापून द्यावा. जागेचे क्षेत्रफळ, अपेक्षित रक्कम, मुदत, मुदत संपल्यावर जागा कशी परत येणार, पैसा कुठे जाणार. महिनाभर हरकती घ्याव्यात आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यावे. विकास आराखड्याला हरकती-सूचना मागवतात ना? मग विक्रीला का नको?

भाऊसाहेब : हे होण्यासारखे आहे. आणि मुदतीबद्दल माझेही मत तुमच्याजवळ आले आहे. एसटीच्या जमिनींच्या भाडेपट्ट्याची मुदत 60 वर्षांवरून 98 वर्षांपर्यंत नेण्याचे धोरण 2025 मध्ये आले. नारायणगावच्या स्टँडवर रोज जाणाऱ्या माणसासाठी 98 वर्षे म्हणजे चार पिढ्या. तीस वर्षांचा पट्टा द्यावा, दर काही वर्षांनी भाडे बाजाराप्रमाणे वाढावे, आणि तळमजला जुन्या वापरासाठी राखून ठेवावा. एवढ्या अटींवर मी पलटण रोडची जागा द्यायला तयार आहे.

गुरुजी : तळमजला मासळीसाठी, हे करारात पहिल्या पानावर लिहा. पट्टा संपल्यावर इमारतीसह जागा परत, हेही. आणि ठराव निवडून आलेल्या सभागृहात होऊ द्या.

भाऊसाहेब : सभागृह नसेल तर?

गुरुजी : तर येईपर्यंत थांबावे.

भाऊसाहेब : पाण्याची लाइन थांबत नाही, गुरुजी.

गुरुजी : तिच्यासाठी कर्ज काढा. कर्ज दरवर्षीच्या अंदाजपत्रकात दिसते, लोक त्याबद्दल ओरडतात, आणि फेडून झाले की मंडईही आपलीच राहते.

भाऊसाहेबांना हे पूर्ण पटलेले नाही. व्याजाचा बोजा आणि वर्षानुवर्षे रखडणाऱ्या निवडणुका त्यांनी जवळून पाहिल्या आहेत. प्रशासकाच्या काळात मोठ्या मुदतीचा पट्टा द्यावा की नाही, या एका मुद्द्यावर दोघांचे मत वेगळेच राहिले आहे.